मिटलेल्या मुलाशी बोलणारी

चिवीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. तीन वर्षांची असताना तिने एकदा आईच्या शेडमध्ये फळीत रुतलेला खिळा काढायला घेतला. जेवायला आली नाही, झोपायला आली नाही. ऊन उतरल्यावर खिळा मुठीत घेऊन बाहेर आली. "चिवट आहे कार्टी," बाबा म्हणाले, आणि चिवटची चिवी झाली ती कायमची.

त्यांच्या घरात सुतार होती ती आई. बाबा बस चालवायचे. आईच्या शेडमध्ये एका भिंतीला करवती, दुसऱ्या भिंतीला फळ्या आणि मध्ये भलंमोठं कामाचं टेबल. चिवी त्या टेबलाखाली रांगली, त्याच्यावर बसून अक्षरं शिकली आणि बाराव्या वर्षी त्याच टेबलावर रंधा मारू लागली. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि हातात पटाशी. बोलायला तशी फटकळ, पण हात शांत.

ती पाच वर्षांची असताना पाहुणे आले होते. आकाशातून आले, फार लांबून आले, त्यांचं स्वतःचं जग राहण्यासारखं उरलं नव्हतं, एवढंच लोकांना ठाऊक. आधी सगळे घाबरले, मग सगळे बघायला गेले, मग सगळे कंटाळले. गिरणीपलीकडच्या मोकळ्या जागेत त्यांची वसाहत झाली. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," बाबा म्हणायचे. "यांना अकरा वर्षं झाली. आता अक्कल नक्की कोणाची गेली, ते बघायला हवं."

पाहुण्यांचा रंग ओल्या पाटीसारखा. उंची माणसाहून हातभर जास्त. कान नाहीत. तळहात मात्र रुंद, आणि त्यांवर कापलेल्या खोडावर असतात तशी वर्तुळं. ते लिहून बोलायचे, कचेऱ्यांतली माणसं त्यांना लिहून उत्तर द्यायची, आणि जमात मुकीबहिरी आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. चिवी सोळा वर्षांची झाली त्या वर्षी पाहुण्यांची काही मुलं गावातल्या शाळेत घेतली. चिवीच्या वर्गात एक आला. त्याला सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीशी बसवलं. शिक्षक शिकवत, तो समोर बघत राही. पुस्तकातलं विचारलं तर झकास लिहायचा, वर्गात सांगितलेलं विचारलं तर कोरा कागद. महिन्याभरात मुलांनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं.

एका दुपारी विज्ञानाच्या बाई फळ्यावर आकृती काढत होत्या. चिवीच्या लक्षात आलं, की बाईंचा खडू फळ्यावर टकटकला की मागच्या बाकावरची मान हलते. तो भिंतीवर हात पसरून बसला होता, आणि फळा त्याच भिंतीला धरून पुढे ठोकलेला होता. बाई बोलल्या की मान स्थिर, खडू वाजला की मान वळली. सुताराच्या मुलीला आणखी काय सांगायला हवं. मधल्या सुट्टीत ती त्याच्या बाकावर जाऊन बसली, हनुवटी बाकाच्या फळीवर टेकवली आणि फळीलाच म्हणाली, "ऐकू येतंय का तुला?"

त्याचे दोन्ही तळहात फळीवर सपाट झाले. मग त्याने वाकून छाती बाकाला टेकवली. हवेत नुसती घूं ऐकू आली. चिवीने कान फळीला लावला. आतून, तळघरातून यावा तसा, पण अगदी स्वच्छ आवाज आला: "काय मेली ही गर्दी. पाच मिनिटांत येतो म्हणाले, अर्धा तास झाला."

चिवीला वाटलं, तो चेष्टा करतोय. तशी गोष्ट नव्हती. त्याचं घर बसथांब्याला लागून होतं. लोक त्याच्या भिंतीला पाठ टेकून बसची वाट बघायचे आणि गप्पा मारायचे. लहानपणापासून तो आतून भिंतीवर हात ठेवून ते ऐकत आला होता. त्याला आपली भाषा उत्तम येत होती, फक्त सगळी बसथांब्यावरची. आनंद, राग, भीती, प्रेम, सगळ्याला त्याच्याकडे उशिरा येणाऱ्या बसच्याच तक्रारी होत्या.

"ती बस माझे बाबा चालवतात," चिवी म्हणाली.

फळीतून उत्तर आलं, "त्यांना लोक फार वाईट बोलतात."

दुसऱ्या दिवशी चिवीने घरून लाकडाची एक लांब पट्टी आणली आणि बाईंच्या टेबलापासून मागच्या बाकापर्यंत जमिनीवर ठोकली. हेडमास्तरांनी बोलावून झापलं. विज्ञानाच्या बाई मध्ये पडल्या, म्हणाल्या, आठ दिवस टेबलाला हनुवटी टेकवून शिकवून बघू. पोरं मात्र हसत होती. आठ दिवसांत ठोंब्याने तोंडी परीक्षेत अख्ख्या वर्गाला मागे टाकलं, तेव्हा हसणं थांबलं. त्याचं त्याच्या भाषेतलं नाव म्हणजे छातीतले तीन ठोके, दोन जोडून आणि एक सुटा. चिवी त्याला टक्या म्हणू लागली.

टक्या शाळा सुटली की शेडमध्ये येऊ लागला. आईने आधी भुवया उंचावल्या. मग एकदा त्याने एका कोऱ्या करकरीत फळीवर हात ठेवून सांगितलं, की आत चीर आहे. आईने नाक मुरडून ती फळी कापली, आत चीर निघाली, आणि त्या दिवसापासून आई त्याच्यासाठी टेबलाची एक बाजू मोकळी ठेवू लागली. तो टेबलाच्या त्या टोकाला, चिवी या टोकाला. अडचण एकच. एकाने हनुवटी किंवा छाती टेकवली की दुसऱ्याने फक्त ऐकायचं. दोघांना एकदम बोलता येत नसे. आई म्हणायची, "सगळ्या जोडप्यांना असं टेबल द्यायला हवं." आणि जोडपी म्हटल्यावर चिवी पटाशीला धार लावायला उठून जायची.

पण गोष्ट खरी होती. वर्षभरात ती इतकी खरी झाली की लपवण्यात अर्थ उरला नाही. चिवीने त्याला नवीन शब्द दिले होते, लाकडाचे, घरातले, भांडणातले. तो तिला सांगायचा की माणसांची पावलं आतून कशी ऐकू येतात, कोण दमलंय, कोण खोटं हसतंय. "तू शेडमध्ये आलीस की जमीन सरळ होते," एकदा तो म्हणाला. चिवी कान टेकवून तशीच राहिली. मग हनुवटी टेकवून म्हणाली, "परत सांग. मध्ये आईची करवत चालू होती." आईची करवत चालू नव्हती. आई पलीकडे हात कमरेवर ठेवून उभी होती, आणि मग काहीतरी आणायला म्हणून बाहेर गेली.

बाबांच्या कानावर ते थांब्यावरच पडलं. जेवताना ते म्हणाले, "तो पोरगा चांगला आहे, मान्य. पण त्याचं जग निराळं, आपलं निराळं. उद्या काय?"

"उद्या शाळा आहे," चिवी म्हणाली.

खरा 'उद्या' टक्यानेच आणला. दोघं सतरा वर्षांची झाली होती. एका दुपारी तो टेबलाशी बसला, पण बराच वेळ छाती टेकवेना. मग म्हणाला, "मी मिटणार आहे."

त्यांच्यात तसंच असतं. त्या वयात एक दिवस तळहातांवरची कातडी जाड होते, डोळे मिटतात, आणि मूल तीन वर्षं बसल्या जागी स्थिर होतं. खाणं नाही, चालणं नाही. आतून शरीर मोठ्या माणसाचं होत असतं. त्या काळात फक्त पाठीच्या कण्यातून, अगदी अंधूक, ऐकू येतं. घरचे रोज पाठीशी बोलतात. जी भाषा रोज आत पोचते ती टिकते, जी पोचत नाही ती झिजून जाते. आणि भाषेबरोबर तिच्यात साठवलेलं सगळं जातं.

"म्हणजे मी?" चिवीने विचारलं.

"तू सगळी याच भाषेत आहेस," टक्या म्हणाला. "आमच्या भाषेत मला तुझ्याबद्दल काहीच येत नाही."

चिवी उठली, हात पुसले आणि म्हणाली, "चल तुझ्या घरी."

टक्याच्या आईला आपली भाषा येत नव्हती. तिघं त्यांच्या दारात उभी राहिली, ती उंच बाई चौकटीला छाती लावून, टक्या मध्ये. तो दोघींचं एकमेकींना सांगत होता. चिवी म्हणाली, मी रोज येऊन त्याच्याशी बोलेन, तीन वर्षं. चौकट बराच वेळ घुमली.

"आई नको म्हणते," टक्याने सांगितलं.

"एवढं लांबलचक बोलली ती. नुसतं नको नाही म्हणाली. नीट सांग."

टक्याने नीट सांगितलं. त्याच्या मामाशी, प्रवासात वाटेत कुठे थांबले असताना, दोन भाषांत बोलले होते. तो उघडला तेव्हा दोन्ही गेल्या होत्या. अजून जिवंत आहे, पण कोणाशी बोलत नाही. आणि दुसरं, ती म्हणते, की मुलगी लहान आहे, महिनाभर येईल आणि मग कंटाळेल. अर्धवट भाषा ही काहीच नसल्यापेक्षा वाईट.

मामाचं ऐकून चिवी टक्याकडे वळली. "तुला काय हवंय? तुझ्या आईला काय वाटतं ते झालं, मला काय वाटतं तेही झालं."

"मला दोन्ही हव्यात," तो म्हणाला. हेच त्याने आईला सांगितलं असावं, कारण चौकट पुन्हा घुमली, या वेळी थोडकीच.

"सकाळ तिची," टक्या म्हणाला. "दुपार तुझी, अर्धा तास. तिला वाटलं की माझी पाठ थकते आहे, तर बंद. आणि एक दिवस चुकला की दहा दिवसांचं वाहून जातं, हे तुला माहीत असावं, असं ती म्हणते."

"सांग तिला, साडेचार वाजता."

घरी येऊन चिवीने आईकडे लाकूड मागितलं. सहा फूट, अखंड, सांधा नसलेलं, कारण सांधा आवाज गिळतो. आईने भिंतीच्या अगदी मागून एक फळी काढली. "ही मी चांगल्या कामासाठी ठेवली होती."

"हे चांगलं काम आहे का?"

"ते तुझं तू बघ. लाकूड चांगलं आहे."

आठवडाभराने टक्या मिटला. दगडी ओट्यावर पाठ ताठ ठेवून बसला, हात मांडीवर, डोळे बंद. चिवीने फळीचं एक टोक त्याच्या पाठीला लागेल असं बसवलं, दुसऱ्या टोकाशी स्टूल ठेवलं, हनुवटी टेकवली. बोलायला तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. एरवी तिचं तोंड बंद करायला बाबांना ताट आपटावं लागे. शेवटी तिने सकाळपासून काय काय केलं ते सांगितलं, किती फळ्या तासल्या, पटाशी कुठे बोथट झाली, डब्यात काय होतं. अर्धा तास संपला तेव्हा ती घामाघूम झाली होती. टक्याची आई त्याच्या कण्यावर हात ठेवून उभी होती. तिने हात काढला आणि दाराकडे बोट दाखवलं. उद्या ये, असा त्याचा अर्थ होता की येऊ नको असा, हे चिवीला कळलं नाही. ती दुसऱ्या दिवशी गेली.

अशी ती जात राहिली. शाळा संपली, तिने आईबरोबर पूर्ण वेळ काम धरलं, आणि गिऱ्हाइकांना कळलं की चार वाजून दहा मिनिटांनी ही मुलगी हातातलं काम टाकून निघते, समोर कोणी का असेना. मैत्रिणी आधी कौतुक करायच्या, मग कीव, मग त्यांनी विषय सोडला. शेजारच्या काकू म्हणायच्या, भिंतीशी बोललीस तर भिंत तरी पडेल एखाद दिवशी. चिवी म्हणायची, भिंत पाडायची असती तर हातोडा नेला असता.

पहिल्या वर्षाच्या शेवटी तिला ताप आला. डोकं उचलवत नव्हतं, तरी चारला ती भिंत धरून चपला शोधत होती. बाबा नुकतेच पहिली पाळी संपवून आले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. गणवेशाची गुंडी परत लावली.

"आडवी हो. मी जातो."

"तुम्ही काय बोलणार?"

"ते मी बघतो. अठ्ठावीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं पाठीशी घेऊन बसलोय. एकाला घाबरणार नाही."

साडेपाचला ते आले. चिवीने विचारलं, काय सांगितलंत. बाबा पाणी प्यायले, ग्लास ठेवला. "थांबे सांगितले. जातानाचे सगळे. मग येतानाचे. वेळ उरला, म्हणून परत जातानाचे." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्या आईने मला बसायला तिचं स्टूल दिलं." पाच दिवस ताप होता, पाच दिवस बाबा गेले. त्यानंतर उद्याचं काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसरं वर्ष वाईट गेलं. पहिल्या वर्षी टक्या निदान टक्यासारखा दिसत होता. आता खांदे रुंद झाले, चेहरा बदलला, आणि चिवीला वाटू लागलं की आपण कुणा अनोळखी माणसाच्या पाठीशी बोलतोय. त्यातच बाबांच्या ओळखीतून एक मुलगा घरी आला. छापखान्यात होता, हसरा होता, आणि मुख्य म्हणजे बोललं की उत्तर द्यायचा. चिवी त्याच्याबरोबर दोनदा फिरायला गेली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, साडेचारला तू जातेस कुठे? तिने सांगितलं. तो म्हणाला, "आणि तो उठल्यावर तुला ओळखलं नाही तर?"

त्या दिवशी चिवीने हनुवटी टेकवली आणि हे सगळं टक्याला सांगितलं. मुलगा कसा आहे, हसतो कसा, आपल्याला तो आवडला आहे. "मला माहीत नाही तू आत आहेस का," ती म्हणाली. "मला तुझा आवाज आठवेनासा झालाय. मी तुला ओळखणार नाही, असंही होईल. पण मी येणार, कारण अर्धवट ठेवणार नाही असं मी तुझ्या आईला सांगितलंय. त्यापुढचं मला माहीत नाही." बोलून झाल्यावर ती रडली, आणि वेळ शिल्लक होता म्हणून रडत रडत दिवसभराचं काम सांगितलं. छापखान्यातल्या मुलाला तिने दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं. तेही टक्यासाठी नाही. ज्याच्याशी बोलताना घड्याळाकडे लक्ष जातं त्याच्याशी लग्न करू नये, एवढं तिला कळलं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या नकळत झाली होती. टक्याची आई रोज कण्यावर हात ठेवून उभी राहायची, आणि फळीतलं बोलणं तिच्याही हातातून जायचं. तिसऱ्या वर्षी एकदा चिवी उठून निघाली, तशी त्या बाईने चौकटीला छाती टेकवली आणि बोटाने खूण केली. चिवीने कान लावला.

"तुझी पटाशी," चौकटीतून आवाज आला, "झाली का धार?"

चिवी दारातच खाली बसली.

टक्या उघडला तो दिवस ढगाळ होता. चिवी पोचली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, तळहातांची जुनी कातडी सोलून खाली पडली होती आणि नवीन वर्तुळं कोवळी दिसत होती. तो आईशी छातीतून ठोके देत बोलत होता. चिवीने फळीवर हनुवटी टेकवून त्याचं नाव घेतलं. त्याने हात ठेवला, ऐकलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या आईचं तोंड उतरलं. भावाची आठवण तिला येत असणार. चिवीने घरी काही सांगितलं नाही. साडेचारला जायची, बोलायची, कान लावायची, परत यायची. आत्तापर्यंत हजारावर दिवस झाले होते, आणखी दहा-वीसने काय होणार होतं.

अकराव्या दिवशी त्याने फळीला छाती लावली. आवाज जाड झाला होता. "गिरणी," तो म्हणाला. मग थांबला. "गिरणी. पाण्याची टाकी. शाळा. दवाखाना. पूल." एक एक थांबा, पुढे शेवटच्या फाट्यापर्यंत. मग येतानाचे. चिवी कान टेकवून हलली नाही. यादी संपली, आणि बऱ्याच वेळाने फळीतून शब्द आले, अडखळत, पण सलग: "त्या छापखान्यातल्या मुलाचं काय झालं?"

"त्याचं लग्न झालं," चिवी म्हणाली. "तुला ते बरं ऐकू आलं."

"सगळं ऐकू आलं. तू रडलीस आणि मग कपाटाच्या दारांबद्दल बोललीस."

लोकांना वाटलं, आता लगेच लग्न. चिवीला तसं वाटत नव्हतं. तीन वर्षं बोलले म्हणून लग्न करायचं, असा काही सौदा झालेला नव्हता. टक्याला तिचं सगळं माहीत होतं आणि तिला त्याचं काहीच नाही, याचा तिला राग यायचा. दोघं कडाकडा भांडली. एकदा महिनाभर बोलली नाहीत. मग टक्या शेडमध्ये आला आणि म्हणाला, "आता तू ऐक. रोज अर्धा तास. मी आत असताना काय झालं ते सांगतो." ते सांगून व्हायला चार वर्षं लागली, कारण त्याला मध्येच दुसरंच आठवायचं, आणि चिवी आता नुसतं ऐकून घेत नसे. पंचविसाव्या वर्षी तिनेच विचारलं. कचेरीत अर्जावर नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात ठोके कसे लिहायचे, यावर कारकून अडला. चिवीने टेबलावर वाजवून दाखवलं आणि म्हणाली, असं लिहा. त्याने 'टक्या' लिहिलं.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. आई-बाबा थकले, शेड चिवीची झाली. मिटायला आलेल्या पोरांच्या घरून तिला बोलावणी येतात, कोणाची मैत्रीण असते, कोणाचा मित्र. चिवी फळी बनवून देते आणि तीन वर्षांपेक्षा कमीसाठी मागितली तर देत नाही.

टक्याची आई त्यांच्याकडेच राहते. शेडच्या दाराशी तिचं स्टूल असतं, पाठ चौकटीला लावलेली. आपली भाषा ती चिवीच्या त्या अर्ध्या तासांतून शिकली, त्यामुळे तिला येते ती सगळी कामाची. परवा एक गिऱ्हाईक खिडकीची चौकट लवकर द्या म्हणून चिवीच्या मागे लागलं होतं. म्हातारीने बोटाने त्याला जवळ बोलावलं, वळून दाराच्या चौकटीला छाती टेकवली आणि त्याला तिथे कान लावायला लावला.

"लाकूड ओलं आहे," ती म्हणाली. "घाई केलीस तर वाकेल. जा, सोमवारी ये."

ते बिचारं चिवीकडे बघू लागलं. चिवीने रंधा उचलला आणि म्हणाली, "सोमवारीच या."